वारं नको, हवा हवी : बर्फातल्या कोंबड्यांचा पहिला हिवाळा

एप्रिलमध्ये शेतीसामानाच्या दुकानातून चिवचिवणारी सहा पिल्लं खोक्यात घालून घरी आणली. उन्हाळाभर मुलांनी त्यांना मांडीवर घेऊन फोटो काढले. सप्टेंबरात पहिलं तपकिरी अंडं सापडलं, ते सगळ्या शेजाऱ्यांना दाखवून झालं. मग ऑक्टोबरातल्या एका सकाळी गवतावरचं दव पांढरं होऊन गोठलेलं दिसतं आणि पोटात गोळा येतो : आता यांचं काय करायचं? अमेरिकेच्या उत्तरेला मी राहते त्या मिनेसोटातल्या ओळखीच्या मराठी घरांतून हा प्रश्न मला दर वर्षी याच सुमाराला येतो. प्रत्येकाला फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहून ठेवते. विस्कॉन्सिन, मिशिगन, ओंटारिओ, मॅनिटोबा इकडच्यांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडेल.

आधी भीती घालवू. कोंबडीच्या अंगाचं तापमान ४१ सेल्सिअसच्या आसपास असतं, म्हणजे आपल्याला तापाने फणफणल्यावर असतं तेवढं. त्यावर पिसांची रजई. थंडी वाजली की ती पिसं फुगवून आत हवा कोंडते आणि चेंडूसारखी दिसायला लागते. एक पाय पोटाखाली घेऊन दुसऱ्यावर उभी राहते, मग पाय बदलते. दाणापाणी नीट असेल, अंग कोरडं असेल, तर उणे १५–२० सेल्सिअसची रात्र धडधाकट कोंबडी मुकाट काढते. इकडे मिनिआपोलिसला जानेवारीत रात्रीचं सरासरी तापमान उणे १३ च्या आसपास असतं; म्हणजे बहुतेक रात्री तिच्या आवाक्यातल्याच.

मग कोंबड्या आजारी का पडतात? याचं उत्तर मला पहिल्या वर्षी मिळालं, आणि ते माझ्याच शहाणपणामुळे.

पहिल्या नोव्हेंबरात मी खुराड्याची अगदी बाळंतिणीची खोली करून टाकली. फटी फोमने बुजवल्या, खिडकीवर प्लास्टिक ठोकलं, दाराला जुनी गोधडी लावली. रात्री आत हात घालून बघायचे, उबदार लागायचं, समाधान वाटायचं. आठवडाभराने सकाळी दार उघडलं तर खिडकीच्या काचेवर आतून बोटभर जाड बर्फाचा थर जमलेला, छताच्या खिळ्यांची टोकं पांढरी, आणि डोळ्यांना झोंबेल असा अमोनियाचा भपका. ढवळीच्या, म्हणजे आमच्या लेगहॉर्न कोंबडीच्या, मोठ्या तुऱ्याची तीन टोकं काळी पडली होती. बाहेर तेव्हा थंडी फार नव्हतीच. तिचा तुरा गेला तो ओलीने.

हिशोब सोपा आहे. एक कोंबडी दिवसाला साधारण पाव लिटर पाणी पिते. सहा कोंबड्यांचं झालं दीड लिटर. हे पाणी श्वासातून आणि शिटेतून बाहेर येतं. ताज्या शिटेत तीन चतुर्थांश पाणीच असतं. सगळं बंद केलं की ही वाफ रात्रभर आत कोंडते आणि सगळ्यात गार जागेवर जाऊन बसते : काचेवर, खिळ्यावर, तुऱ्यावर. ओला तुरा गोठतो. म्हणून या सगळ्या लेखाचं सूत्र चार शब्दांत : वारं नको, हवा हवी. अंगावर झोत येता कामा नये, आणि डोक्यावरून हवा खेळती राहिली पाहिजे. पुढे कुठेही अडलात तर या चार शब्दांकडे परत या.

जात बघून घ्या

पिल्लं अजून घ्यायची असतील तर हे वाचा. घेतली असतील तर पुढे चला. थंडीला टिकणारी कोंबडी अंगाने भरलेली, दाट पिसांची आणि आखूड तुऱ्याची असते. प्लिमथ रॉक, वायनडॉट, ऑर्पिंग्टन, ऑस्ट्रलॉर्प, ब्रह्मा, बकआय या जाती इकडे सहज मिळतात. वायनडॉटचा तुरा डोक्याला चिकटून बसलेला असतो, ब्रह्मा आणि बकआय यांचा वाटाण्याच्या शेंगेसारखा बुटका. गोठायला फारसं काही नसतंच. शांतक्लेर नावाची कॅनडाची जात तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला क्वेबेकमधल्या ओका इथल्या मठात एका धर्मबंधूने मुद्दाम याच हिशोबाने तयार केली : तुरा नावापुरता, चोचीखालची लाल कातडीही नावापुरती, आणि तरी हिवाळ्यात अंडी देणारी.

लेगहॉर्न अंडी भरपूर देते, पण तिचा तुरा म्हणजे थंडीला आमंत्रण. घेऊच नका असं म्हणणार नाही, ढवळी अजून आमच्याकडे आहे. कडकनाथ मिळेल का, असंही काही जण विचारतात. ती मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या उन्हात वाढलेली जात. तिला इकडे आणायचा हट्ट कशाला?

दोन गोष्टी आधी तपासा. तुमच्या गावाचे नियम : बऱ्याच शहरांत परवाना लागतो, कोंबड्यांची संख्या ठरलेली असते आणि कोंबडा ठेवायला बंदी असते. दुसरं म्हणजे एकटीदुकटी कोंबडी हिवाळ्यात ठेवू नका. रात्री त्या अंगाला अंग लावून बसतात, तीच त्यांची शेकोटी. चार तरी हव्यात.

सप्टेंबर-ऑक्टोबर : खुराडं तयार करा

हे काम नोव्हेंबरवर ढकलू नका. १९९१ साली मिनिआपोलिस-सेंट पॉलमध्ये ३१ ऑक्टोबरला, ऐन हॅलोविनच्या दिवशी, बर्फ पडायला लागला आणि तीन-चार दिवसांत २८ इंचांवर साचला. जुनी माणसं अजून त्याची गोष्ट सांगतात. शिवाय एकदा जमीन गोठली की खांब पुरायला खड्डा खणता येत नाही; पहारसुद्धा टण्णकन वर उडते.

सगळ्यात आधी झरोके. कोंबड्या रात्री ज्या दांडीवर बसतात, तिच्यावर बसलेल्या कोंबडीच्या डोक्याच्या किमान हातभर वर, छपराच्या वळचणीखाली, समोरासमोरच्या दोन भिंतींत झरोके पाडा. ढोबळ माप म्हणजे एका कोंबडीमागे एक चौरस फूट. ऐन वादळात वाऱ्याकडची बाजू झाकता येईल अशी फळी बिजागरीवर लावा, पण दोन्ही बाजू एकदम कधीच बंद करू नका. झरोक्यांना अर्ध्या इंची भोकांची, जाड तारेची वेल्डेड जाळी मारा. षट्कोनी भोकांची जी पातळ ‘चिकन वायर’ मिळते ती कोंबडी आत ठेवायला ठीक, पण रकूनला बाहेर ठेवायला कुचकामाची : तो ती हाताने फाडतो. वीझल नावाचा मुंगसासारखा बारका प्राणी तर इंचभर फटीतून आत शिरतो, आणि हिवाळ्यात त्याला भूक जास्त असते.

खालच्या फटी मात्र बुजवा. दांडीच्या पातळीवर आणि त्याखाली कुठूनही वारं यायला नको.

झरोके बरोबर जमलेत का हे कसं कळणार? देवघरातली उदबत्ती घ्या. वारा सुटलेल्या दिवशी, कोंबड्या बाहेर असताना, ती पेटवून हातातच धरून दांडीच्या उंचीवर थांबा. धूर संथपणे वर चढून झरोक्याकडे सरकला तर काम फत्ते. धूर आडवा पळाला तर कोंबडीच्या अंगावर झोत येतोय, फट शोधा. आणि धूर जागच्या जागी घोटाळत राहिला तर झरोका कमी पडतोय. हे करताना खाली भुसा आहे हे विसरू नका. ठिणगी पडू देऊ नका, उदबत्ती विझवायची ती बाहेर येऊन.

आता दांडी. गोल काठी किंवा झाडाची फांदी दिसायला छान, पण तिला धरायला कोंबडीची बोटं खालून उघडी राहतात. इकडे सुतारकामाला मिळणारी ‘टू बाय फोर’ची फळी रुंद बाजू वर करून बसवा. पाय सपाट टेकतो आणि कोंबडी बसली की छातीची पिसं बोटांवर पांघरुणासारखी येतात. एका कोंबडीला २०–२५ सेंटिमीटर जागा पुरते. दांडी अंडी घालायच्या खोक्यांपेक्षा उंच हवी, नाहीतर बाया खोक्यातच झोपतात आणि सकाळी अंडं शिटेत लडबडलेलं मिळतं.

गादी

महाराष्ट्रात पोल्ट्रीवाले ‘गादी पद्धत’ म्हणतात ती हीच. तिकडे भाताचं तूस घालतात, इकडे पाइनच्या लाकडाची सालपटं पोत्यात दाबून विकायला मिळतात, सुताराच्या रंध्याखालून निघतात तसली. उग्र वासाचं ‘सीडार’ लाकूड घेऊ नका. त्या वासाचा कोंबड्यांच्या श्वासाला त्रास होतो.

ऑक्टोबरात खुराडं खरवडून स्वच्छ करा, कोरडं होऊ द्या आणि वीतभर जाडीची गादी घाला. मग हिवाळाभर शीट बाहेर काढायची नाही. वर नवा भुसा टाकत जायचं. जानेवारीपर्यंत गादी फूटभर होते. आठवड्यातून दोनदा दाताळ्याने खालीवर करा. मी आळशी आहे, मी मूठभर दाणे गादीवर उधळते आणि कोंबड्याच सगळी गादी उकरून देतात. खालचा थर हळूहळू कुजतो, त्यातून थोडी ऊब येते. फार नाही, उणे २५ ला त्या उबेवर कोणी विसंबू नये. खरा फायदा असा की गादी ओल शोषून घेते.

मूठभर गादी हातात घेऊन दाबा. मूठ उघडल्यावर ती सुटी पडली तर उत्तम. लाडू वळला तर ओल जास्त आहे : कोरडा भुसा घाला आणि झरोके बघा. आणि रोज सकाळी दार उघडल्याबरोबर, नाक सरावायच्या आत, एक खोल श्वास घ्या. अमोनियाचा वास तुम्हाला आला, तर ज्या बाया तिथे रात्रभर त्याच उंचीवर बसल्या होत्या त्यांचं काय झालं असेल?

शेगडी ठेवू का?

माझी आई संगमेश्वरकडची. तिच्या लहानपणी कोंबड्या पडवीत डालग्याखाली झाकायच्या, एवढंच कोंबड्यांचं घर. पहिल्या हिवाळ्यात व्हिडिओ कॉलवर तिने बर्फ बघितला आणि म्हणाली, “अगं, मुक्या जिवांना एखादी शेगडी तरी ठेव गं!”

इकडची शेगडी म्हणजे २५० वॉटचा लाल दिवा. तो लावू नका, असंच माझं स्पष्ट मत आहे. कोरडा भुसा, बारीक धूळ, उडणारी पिसं आणि फडफडणारी कोंबडी, यांच्या मधोमध तो तापलेला दिवा एका क्लिपवर लटकत असतो. अशा दिव्यांनी खुराडी पेटल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात, आणि खुराडं घराला लागून असलं तर गोष्ट तिथेच थांबत नाही. दुसरं कारण सवयीचं. शरद ऋतूत थंडी हळूहळू वाढते तशी कोंबडी अंगावर दाट पिसं धरते. उबेत ठेवलेली कोंबडी ती सवय करत नाही, आणि हिमवादळात वीज गेली की एका रात्रीत उणे २५ ला सामोरी जाते.

३० जानेवारी २०१९ ला मिनिआपोलिसचा पारा उणे २८ फॅरनहाइटवर, म्हणजे उणे ३३ सेल्सिअसवर गेला होता. अशा रात्रींसाठी ज्यांना राहवतच नाही त्यांनी भिंतीला बसवायचा, उघडी तार नसलेला चपटा रेडिएंट पॅनल घ्यावा. त्याने खुराडं तापत नाही, जवळ बसणारीला ऊब मिळते. आजारी कोंबडी असेल तर तिला गॅरेजमध्ये खोक्यात ठेवा. घरातल्या २१ अंशांत आणलीत तर परत बाहेर सोडताना पंचाईत होईल. (उणे ४० ला फॅरनहाइट आणि सेल्सिअस एकच होतात. तिथे तरी नवऱ्याशी वाद नको.)

पाणी : रोजची खरी कटकट

सगळ्या हिवाळ्यातलं निम्मं काम पाण्याचं आहे, हे आधीच सांगते. पाणी गोठलं की कोंबडी प्यायची थांबते, पाणी नाही म्हणून दाणे खायची थांबते, आणि खाणं थांबलं की अंगातली भट्टी विझते. बर्फ आहे की, खाईल ती, असं म्हणणारे भेटतात. चिमूटभर बर्फ त्या टोचतात हे खरं, पण तो वितळवायला अंगातलीच ऊब जाते. रोजचं पाणी त्याने भागत नाही.

वीज जवळ असेल तर सोपं आहे. पत्र्याच्या पाणीभांड्याखाली ठेवायची तापणारी बैठक मिळते, किंवा कुत्र्यांसाठी असतं ते तापणारं भांडं. वायर बाहेर वापरायच्या दर्जाचीच घ्या आणि ती वीज गळायला लागली की आपोआप बंद पडणाऱ्या ‘ग्राउंड फॉल्ट’ सॉकेटमध्येच लावा. दोन वायरींचा जोड बर्फात पडू देऊ नका. भांडं विटेवर ठेवा म्हणजे भुसा कमी पडतो. शक्यतो पाणी खुराड्यात नको, बाहेरच्या जाळीच्या अंगणात आडोशाला ठेवा. आत ठेवलेलं पाणी म्हणजे आणखी वाफ. रात्री कोंबड्या पीतही नाहीत.

वीज नसेल तर काळ्या रबराची दोन पसरट भांडी घ्या, जनावरांसाठी मिळतात ती. एक बाहेर, एक घरात. सकाळी कोमट पाण्याने भरलेलं भांडं न्यायचं, गोठलेलं आणायचं. रबराचं भांडं उलटं करून वर पाय दिला की बर्फाची चकती सुटून बाहेर पडते, भांडं फुटत नाही. मी एकदा प्लास्टिकचं भांडं असं उलटं केलं, आणि मग दोन भांडी विकत घ्यायला गेले. कडाक्याच्या दिवसांत ही फेरी तीनदा होते. नोकरी करणाऱ्यांना हे जमणार नाही. त्यांनी वायर ओढायचा खर्च ऑक्टोबरातच करून टाकावा.

एक बारकावा : रुंद तोंडाच्या भांड्यात पिताना चोचीखालची लाल कातडी भिजते आणि लगेच गोठते. कोंबड्याच्या बाबतीत तर हे हमखास. म्हणून भांड्याचं तोंड अरुंद ठेवा, किंवा बादलीला आडव्या निपल, म्हणजे चोचीने टोचल्यावर पाणी सोडणाऱ्या बारक्या तोट्या, बसवून आत पाणी गोठू न देणारा छोटा हीटर टाका.

दाणा

रोजचं खाणं तेच : १६ टक्के प्रथिनांचं लेअर फीड, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांसाठीचं तयार खाद्य. एरवी एक कोंबडी दिवसाला ११०–१२० ग्रॅम खाते, कडाक्यात सव्वापट-दीडपट. हात आखडू नका. शरद ऋतूत पिसं झडत असताना प्रथिनं १८–२० टक्क्यांपर्यंत नेलीत तर नवी पिसं लवकर भरतात, कारण पीस म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिनच. जमीन बर्फाखाली गेली की दाणा दळायला खडे मिळत नाहीत, म्हणून बारीक खडी, म्हणजे ‘ग्रिट’, एका वाटीत ठेवा. शिंपल्यांचा चुरा दुसऱ्या वाटीत.

संध्याकाळी झोपायच्या आधी मूठभर भरडलेला मका द्यायची पद्धत आहे. आई म्हणते मका उष्ण. आपल्या उष्ण-थंडच्या हिशोबात तो कुठे बसतो ते आईलाच विचारा. कोंबडीला ऊब येते ती पोटात काहीतरी पचत असल्यामुळे, दाण्याच्या गुणामुळे नाही. मक्यात प्रथिनं कमी असतात, म्हणून सगळ्या वरखाण्याचं प्रमाण रोजच्या खाण्याच्या दहाव्या हिश्श्यावर जाऊ देऊ नका. पाटीभर मका खाऊन कोंबडी लठ्ठ होते आणि अंडी देईनाशी होते.

आपल्या स्वयंपाकघरातलं काय चालतं? उरलेला साधा भात, भाकरीचे तुकडे, कोबीची पानं, मोड आलेले मूग. मोडांवर तर त्या तुटून पडतात. खारट फरसाण, फोडणीचा मिठाचा भात नको. अॅव्होकाडो, चॉकलेट आणि कच्चा राजमा अजिबात नको, यांची विषबाधा होते. थंडीत कोमट पाण्यात कालवलेलं फीड दिलंत तर अर्ध्या तासात भांडं उचला, नाहीतर त्याची वीट होते.

फीडचं पोतं पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात ठेवा. बर्फ पडला की आसपासचे सगळे उंदीर तुमच्या पोत्याचा पत्ता शोधत येतात.

अंडी थांबली की?

कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे खरं. पण तांबडंच उशिरा फुटलं तर कोंबडी अंडं द्यायची राहते. भरपूर अंडी यायला तिला १४–१६ तास उजेड लागतो. मिनिआपोलिसला २१ डिसेंबरचा दिवस पावणेनऊ तासांचा असतो. रत्नागिरीत तोच दिवस अकरा तासांचा, म्हणून आईला हा प्रश्न कधी पडला नाही.

पहिल्या वर्षाच्या तलंगा बहुधा हिवाळाभर थोडीफार अंडी देत राहतात. दुसऱ्या वर्षापासून शरदात पिसं झडतात आणि अंडी थांबतात. अंडी हवीच असतील तर मंद एलईडी दिवा टायमरवर लावा, आणि तो पहाटे लागेल असा लावा. संध्याकाळी लावलात तर तो फट्‌कन विझतो तेव्हा बाया दांडीवर चढलेल्या नसतात आणि अंधारात खालीच अडकतात. आम्ही दिवा लावत नाही. दोन महिने विकतची अंडी खातो आणि त्यांना सुट्टी देतो. हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न.

आलेली अंडी मात्र दिवसातून दोन-तीनदा गोळा करा. गोठलं की अंडं आतून फुगतं आणि उभं तडकतं. तडकून आतलं पापुद्र्यासकट बाहेर आलेलं अंडं टाकून द्या.

बर्फातलं अंगण

पहिल्या बर्फाच्या सकाळी दार उघडा आणि गंमत बघा. सगळ्या उंबरठ्यावर गोळा होतात, एक पुढे होते, एक पाय त्या पांढऱ्यावर ठेवते, उचलते, तुमच्याकडे बघते, आणि आत निघून जाते. तिच्या मागून बाकीच्या. दोन-चार फूट बर्फ फावड्याने बाजूला करा आणि उरलेल्यावर गव्हाचा पेंढा पसरा. पेंढ्याची वाट दिसली की दहा मिनिटांत बाहेर येतात.

अंगणाच्या वाऱ्याकडच्या बाजूंना जाड पारदर्शक प्लास्टिक लावा. इकडे हिवाळ्यातलं बोचरं वारं बहुतेक वायव्येकडून येतं, म्हणून उत्तर आणि पश्चिम या दोन बाजू. वर हातभर मोकळं सोडा. सूत्र आठवा.

छप्पर पक्कं हवं. पहिल्या वर्षी मी वरून घारी-घुबडांसाठी नायलॉनची जाळी ताणली होती. भोकं एवढी मोठी, बर्फ खाली पडून जाईल असं वाटलं. पहिलाच बर्फ ओला, चिकट पडला, जाळीच्या दोऱ्यांवर साचला, आणि सकाळी सगळी जाळी दोन वाकलेल्या खांबांसकट जमिनीवर. कोंबड्या अजून आतच होत्या म्हणून वाचल्या. आता उताराचे पत्रे आहेत.

आत कोंडल्या की त्या कंटाळतात, आणि कंटाळलेली कोंबडी दुसरीची पिसं उपटते. कोबीचा गड्डा दोरीने डोक्याच्या उंचीवर टांगा; टोचा मारता मारता दुपार जाते. खुराड्यात दर कोंबडीमागे चार चौरस फूट आणि अंगणात आठ-दहा तरी हवेत. धुळीत लोळायला जमीन उघडी राहत नाही, म्हणून एका टबमध्ये कोरडी वाळू आणि थोडी लाकडाची राख घालून आडोशाला ठेवा. राख रंग न दिलेल्या साध्या लाकडाची हवी. कोकणात चुलीची राख परसात टाकली की त्या ढिगात कोंबड्या लोळायच्या, तेच हे. उवा-गोचिडांवर त्यांचा हाच उपाय.

तुरा काळा पडला तर

आधी टोकं फिकट, पांढुरकी दिसतात, मग काळी पडतात. चोळू नका, शेक देऊ नका, काळा भाग कापू नका. जखम नसेल तर फक्त कोरडी जागा आणि शांतता द्या. मेलेला भाग आपोआप वाळून गळतो, तोवर तो खालच्या मांसाचं झाकण म्हणून कामी येतो. सूज, पू किंवा खाणं बंद झालं तर पशुवैद्याला दाखवा. व्हॅसलिन लावावं का, याबद्दल दोन तट आहेत. मी लावून बघितलं, माझ्या हाताला मात्र छान मऊपणा आला. एकाही कोंबडीचा तुरा काळा पडला तर आधी झरोके तपासा.

दिवसातून एकदा प्रत्येकीकडे नीट बघा. पिसं फुगवून दुपारी उन्हातसुद्धा डोळे मिटून बाजूला उभी असलेली कोंबडी आजारी समजा. थंडीने फुगलेली कोंबडी दाणे टाकल्यावर धावत येते. आजारी येत नाही.

बर्ड फ्लूचंही सांगायला हवं. मार्च २०२२ मध्ये त्याचा एच५एन१ विषाणू मिनेसोटातल्या कोंबड्या-टर्कींपर्यंत पोचला. तो येतो रानबदकांबरोबर, वसंतात आणि शरदात. खुराड्यात जायचे बूट वेगळे ठेवा, तलावावर गेलेले नकोत. रानपाखरांसाठी टांगलेलं दाण्याचं भांडं अंगणापासून लांब न्या. एकदम दोन-तीन कोंबड्या कारणाशिवाय मेल्या तर हात न लावता राज्याच्या पशुआरोग्य मंडळाला कळवा.

मार्च

लोक फेब्रुवारी संपला की सुटकेचा निःश्वास टाकतात. मला मार्चची जास्त धास्ती. दिवसा वितळतं, रात्री गोठतं, छपरावरून पाणी टपकतं, अंगणाचा चिखल होतो आणि हिवाळाभर कोरडी राहिलेली गादी दोन दिवसांत ओली होते. पन्हळ लावून छपराचं पाणी लांब काढा, अंगणात लाकडाचे ढलपे पसरा, भुशाचं एखादं पोतं शिल्लक ठेवा.

रात्रीचा पारा शून्याच्या वर टिकायला लागला, साधारण एप्रिलच्या शेवटी, की एक कोरडा शनिवार बघून सगळी गादी काढा. तोंडाला मास्क बांधा, धूळ वाईट असते. खालचा थर काळा, भुसभुशीत झालेला असतो आणि तो बघून मेथीच्या वाफ्यात ओतायचा मोह होतो. ओतू नका. खत म्हणून तो अजून जहाल असतो, रोपं जळतात, आणि त्यातले जंतू पाल्यावर येतात. कोपऱ्यात वाळक्या पानांबरोबर ढीग घाला, अधूनमधून पाणी मारून उलथा, आणि पुढच्या वसंतापर्यंत त्याला हात लावू नका. कोंबड्या त्या ढिगावर चढून उकरायला बघतील. भोवती जाळी मारा, नाहीतर रोज संध्याकाळी तो झाडून परत गोळा करायची पाळी तुमच्यावर येते.